चार अँटेनांचा मायमो डिटेक्टर लहान एफपीजीएवर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायऱ्या

सांगलीत वालचंदला असा, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत असा, नाहीतर इस्लामपूरच्या आरआयटीत. ‘मायमो डिटेक्टर’ (मायमो म्हणजे दोन्ही बाजूंना अनेक अँटेना असलेली रेडिओ लिंक) हा विषय प्रोजेक्टला घेतला की पहिला मोह एकच होतो: लगेच व्हिवाडो (एफपीजीएचं सॉफ्टवेअर) उघडून व्हेरिलॉग (हार्डवेअर लिहायची भाषा) लिहायला बसायचं. तो आवरा. या कामाचा निकाल कागदावरच लागतो. चिपमध्ये काय मोजायचं यापेक्षा काय मोजायचंच नाही, हे आधी ठरवावं लागतं.

हा लेख एक ठरावीक लक्ष्य धरून लिहिला आहे: पाठवायला ४ अँटेना, घ्यायला ४, ६४-क्वाम (एका वेळी ६४ पैकी एक बिंदू, म्हणजे ६ बिट), वाय-फायच्या ८०२.११एन धाटणीची २० मेगाहर्ट्झची ओएफडीएम लिंक (बँड अनेक अरुंद सबकॅरिअरमध्ये वाटणारी), आणि आर्टिक्स-७ घराण्यातलं लहान एफपीजीए (हवं ते सर्किट आत बसवता येणारी चिप). तुमचे आकडे वेगळे असतील तर पायऱ्या याच ठेवा, गणित परत करा.

नावाचा घोळ आधीच मिटवू. पुस्तकात ‘स्फिअर डीकोडर’ असं लिहिलेलं असतं, पण हा ब्लॉक खरं तर डिटेक्टर आहे. चार अँटेनांवर एकमेकांत मिसळून आलेले सिग्नल सोडवून कोणत्या अँटेनावरून कोणता बिंदू पाठवला, हे तो सांगतो. चुका दुरुस्त करणारा व्हिटर्बी किंवा एलडीपीसी डीकोडर त्याच्यानंतर येतो. व्हायव्हाला हा फरक हमखास विचारतात.

काय काय लागेल

- लॅपटॉप, १६ जीबी रॅम असलेला. ८ जीबीत काम होतं, पण राउटिंग (चिपमधल्या तारा जोडणं) चालू असताना दुसरं काही उघडता येत नाही.
- जीएनयू ऑक्टेव्ह किंवा पायथन-नमपाय. लांब सिम्युलेशनसाठी थोडं सी येत असेल तर उत्तम.
- व्हेरिलेटर किंवा आयकॅरस व्हेरिलॉग, आणि वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह. तिन्ही मोफत.
- व्हिवाडोची मोफत आवृत्ती. इन्स्टॉल करताना फक्त ७-सीरीजवर खूण करा. सगळी घराणी निवडलीत तर डिस्क भरून जाते.
- एक्ससी७ए३५टी चिप असलेला बोर्ड: आर्टी ए७-३५ किंवा बेसिस-३. या चिपवर ९० डीएसपी (गुणाकाराचे ब्लॉक), २०,८०० एलयूटी (लॉजिकचे लहान तक्ते) आणि ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक रॅम (आतली मेमरी) आहेत. पुढचं सगळं गणित यावरच आहे. कॉलेजात झिंक ७०२० चा पिंक-झेड२ असेल तर जास्तच सोयीचं: २२० डीएसपी आणि शेजारी एआरएम प्रोसेसर.
- कागदपत्रं तीन: ८०२.११ मानक (आयट्रिपलईच्या गेट कार्यक्रमातून फुकट मिळतं), डीएसपी४८ई१ चं मॅन्युअल यूजी४७९ आणि ब्लॉक रॅमचं यूजी४७३. शेवटची दोन छापून घ्या, सारखी लागतात.
- यूपीएस. राउटिंगला अर्धा-पाऊण तास लागतो आणि वळवाच्या दिवसांत लाईट नेमकी तेव्हाच जाते.

१. आधी क्लॉकचा हिशेब

२० मेगाहर्ट्झच्या ८०२.११एन मध्ये डेटाचे सबकॅरिअर ५२ आणि एक ओएफडीएम सिंबॉल ४ मायक्रोसेकंदांचा. प्रत्येक सबकॅरिअरवर एक व्हेक्टर (चार अँटेनांच्या चार संख्या) सोडवायचा, म्हणजे सेकंदाला १ कोटी ३० लाख व्हेक्टर. शॉर्ट गार्ड इंटरव्हल (दोन सिंबॉलमधली कमी केलेली मोकळी जागा) धरला तर सिंबॉल ३.६ मायक्रोसेकंदांचा होतो आणि आकडा १ कोटी ४४ लाखांवर जातो. एका व्हेक्टरमध्ये ४ × ६ = २४ बिट; ५/६ कोड रेटने (६ पैकी ५ बिट खरा डेटा) हिशेब २६० मेगाबिटला जुळतो, आणि मानकातही तोच आकडा आहे. तुमचा हिशेब मानकाशी जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

१५० मेगाहर्ट्झचं क्लॉक धरलं तर १५ कोटी भागिले १.४४ कोटी, म्हणजे एका व्हेक्टरमागे दहा क्लॉकच हातात राहतात. हा १० मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावरून होणार आहे.

४० मेगाहर्ट्झला सबकॅरिअर १०८ होतात. तिथे हाच कोअर दोनदा बसवावा लागतो, आणि शॉर्ट गार्ड इंटरव्हलला सेकंदाला बरोबर ३ कोटी व्हेक्टर लागत असल्याने दोन कोअरांनाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. पहिल्या प्रोजेक्टला २० मेगाहर्ट्झच पुरे.

दुसरा हिशेब उशिराचा. ५ गिगाहर्ट्झ बँडमध्ये फ्रेम संपल्यावर १६ मायक्रोसेकंदांत उत्तराची फ्रेम निघायला हवी. त्यात एफएफटी (सबकॅरिअर वेगळे करणारा ब्लॉक), डिटेक्टर, डीकोडर सगळे वाटेकरी. डिटेक्टरने दोन-तीन मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त खाऊ नये.

२. पद्धत निवडा

घेणाऱ्या बाजूला आलेला व्हेक्टर वाय = एच × एस + नॉईज. एच हे ४×४ चं चॅनेल मॅट्रिक्स, एस पाठवलेला व्हेक्टर. सर्वांत अचूक मार्ग म्हणजे प्रत्येक संभाव्य एस घालून बघायचा आणि सर्वांत कमी अंतराचा (वाय आणि एच × एस यांच्यातलं अंतर) निवडायचा. ६४-क्वाम आणि ४ अँटेना म्हणजे ६४ चा चौथा घात: १,६७,७७,२१६ शक्यता, तेही १० क्लॉकमध्ये. विषय संपला.

दुसऱ्या टोकाला झिरो-फोर्सिंग आणि एमएमएसई. मॅट्रिक्स उलटं करायचं, गुणायचं, जवळच्या बिंदूवर आणायचं. हार्डवेअर स्वस्त, पण ४×४ ला झिरो-फोर्सिंगची डायव्हर्सिटी (एसएनआर, म्हणजे सिग्नल-नॉईजचं प्रमाण, वाढल्यावर चुका किती झपाट्याने घटतात त्याचं माप) १ च राहते आणि पूर्ण शोधाची ४. एसएनआर वाढवत नेला की चुकांच्या दोन्ही वक्रांमधलं अंतर रुंदावत जातं.

मधला मार्ग झाडाचा: प्रत्येक अँटेना म्हणजे एक थर, प्रत्येक शक्य बिंदू म्हणजे एक फांदी. एच चे क्यू आणि आर असे दोन भाग केले (यालाच क्यूआर म्हणतात) की आर वरच्या त्रिकोणात राहतं, आणि शेवटच्या ओळीपासून एकेक अँटेना सोडवत वर जाता येतं. प्रत्येक थरावर अंतरात एक वर्ग मिळवला जातो. वर्ग ऋण नसतो, म्हणून अंतर वाढेल किंवा तेवढंच राहील, कमी कधीच होणार नाही. सगळी बचत इथून येते. साताऱ्याहून सांगलीला जायचे दोन रस्ते धरा: एक कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असा, दुसरा कोरेगाव, विटा, तासगाव असा. पहिल्याने पूर्ण जाऊन किलोमीटर लिहून ठेवले. आता दुसऱ्याने निघाल्यावर विट्यालाच तेवढे किलोमीटर भरले, तर तासगावपर्यंत जाऊन बघायची गरज नाही, तिथूनच मागे फिरायचं.

ही झाली खोलीत आधी जाणारी स्फिअर पद्धत. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातली २००५ साली प्रसिद्ध झालेली ४×४, १६-क्वामची चिप याच पद्धतीची. दर क्लॉकला झाडाचा एक नोड. पद्धत सुंदर आहे, पण एका व्हेक्टरला किती क्लॉक लागतील हे नॉईजवर ठरतं. कधी ८, कधी ८००. वेळेची मर्यादा घाला, बफर ठेवा, उत्तरांचा क्रम परत लावा... नवशिक्याचं सगळं सेमिस्टर त्यातच जातं.

म्हणून पहिल्यांदा के-बेस्ट घ्या. प्रत्येक थरावर सर्वांत कमी अंतराचे के मार्ग ठेवायचे, बाकीचे टाकायचे. तासगावच्या बेदाण्यासारखी एकामागून एक चाळण. वेळ ठरलेली, पाइपलाइन सरळ. १६-क्वामला के=५ आणि ६४-क्वामला के=१० हे रुळलेले आकडे आहेत, आणि आपल्या हातात क्लॉकही दहाच आहेत. के=१ ठेवला तर ती जुनी एक-एक थर वजा करत जायची पद्धत; बेल लॅब्सची १९९८ ची व्ही-ब्लास्ट याच घराण्यातली.

सापळा: गरज नसताना के-बेस्ट लावणं. २×२ आणि क्यूपीएसके (चारच बिंदू) असेल तर शक्यता फक्त १६, सरळ सगळ्या तपासा. बेस स्टेशनला ६४ अँटेना आणि वापरणारे ८ असतील तर चॅनेलचे कॉलम जवळजवळ एकमेकांना काटकोनात पडतात, तिथे एमएमएसई पुरतं. झाडाचा शोध कामाला येतो तो दोन्ही बाजूंच्या अँटेना सारख्या संख्येने असतात तेव्हा.

३. ऑक्टेव्हमध्ये मूळ नमुना

हार्डवेअरला हात लावण्याआधी फ्लोटिंग पॉइंटमध्ये पूर्ण डिटेक्टर चालला पाहिजे. क्रम असा ठेवा:

आधी ४×४ क्यूपीएसके, कारण शक्यता २५६ च असतात आणि पूर्ण शोध चुटकीसरशी होतो. तुमचा के-बेस्ट के=१२८ ठेवून चालवा; उत्तर पूर्ण शोधाशी प्रत्येक व्हेक्टरला जुळलं पाहिजे. एक जरी चुकला तरी बग आहे, ‘नॉईजमुळे असेल’ म्हणून सोडू नका. मग ६४-क्वामवर जा आणि के बदलत वक्र काढा.

एका बिंदूला किमान १०० चुका मोजा. १० लाखांत १० चुका एवढा एरर रेट बघायचा असेल तर १ कोटी बिट, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास व्हेक्टर लागतात. ऑक्टेव्हच्या फॉर-लूपमध्ये हे रात्रभर चालेल. आतला भाग सी मध्ये लिहा.

इथे दोन चुका फार होतात. एक, नॉईजची विभागणी: कॉम्प्लेक्स नॉईजची शक्ती एन-शून्य असेल तर खऱ्या आणि काल्पनिक भागाला निम्मी-निम्मी जाते. ही विसरलात तर वक्र बरोबर ३ डेसिबलने सरकतो आणि तुमचा डिटेक्टर जगात सर्वांत चांगला किंवा सर्वांत वाईट दिसतो. दोन, ६४-क्वामची सरासरी ऊर्जा ४२ असते, म्हणून √४२ ने भागायचं. हा भागाकार बिंदूंवर करू नका, आर मध्ये मुरवून टाका. बिंदू ±१, ±३, ±५, ±७ असे पूर्णांकच राहू देत. कारण सहाव्या पायरीत कळेल.

चॅनेलसुद्धा फक्त स्वैर रेले (सगळीकडून परावर्तित होऊन आलेला सिग्नल धरणारा नमुना) ठेवू नका. यवतेश्वरच्या कड्यावरून खाली सातारा शहर सरळ दिसतं, तशी मोकळी लिंक असेल तर परावर्तन कमी आणि एच चे कॉलम एकमेकांसारखे होतात. भिंती-गल्ल्यांमधून आपटत आलेला सिग्नल मायमोला उलट बरा. कॉलममधला संबंध ०.७ धरून एकदा चालवून बघा; के=१० किती तग धरतो हे तिथेच कळतं.

४. क्यूआर: इथे घाई नको

पहिल्या फेरीत क्यूआर हार्डवेअरमध्ये करूच नका. ऑक्टेव्हमधून काढून ब्लॉक रॅममध्ये भरा, किंवा झिंकच्या एआरएमवर करा. डिटेक्टर चालला की मग त्याच्याकडे वळा.

खरे आणि काल्पनिक भाग वेगळे केले की ४×४ कॉम्प्लेक्सचं ८×८ होतं, आणि प्रत्येक थरावर ६४ ऐवजी ८ च फांद्या राहतात. बरेच जण मग ८×८ चं क्यूआर करायला घेतात. गरज नाही. कॉम्प्लेक्स ४×४ चंच क्यूआर करा, कर्णावरचे घटक खरे आणि धन ठेवा, आणि प्रत्येक घटकाची २×२ ची पेटी करा: वर खरा व उणे काल्पनिक, खाली काल्पनिक व खरा. क्रम मात्र ‘खरा-१, काल्पनिक-१, खरा-२, काल्पनिक-२’ असा लावा. मग प्रत्येक जोडीतला एक घटक आपोआप शून्य होतो आणि कर्णाबाहेरच्या २८ पैकी ४ गुणाकार फुकट वाचतात.

साठवणही कमी लागते: ४ खरे कर्णघटक आणि ६ कॉम्प्लेक्स, मिळून १६ संख्या. १६ बिटांनी एका सबकॅरिअरला २५६ बिट, ५२ ला १३,३१२. एका ३६ किलोबिट ब्लॉक रॅममध्ये आरामात बसतं, आणि ६४ बिटांच्या रुंदीने चार वाचनांत एक संच बाहेर येतो. हातात १० क्लॉक आहेतच.

कॉलमचा क्रम लावायला विसरू नका. चाळणीत पहिल्याच थरावर चांगला दाणा खाली पडला तर पुढे कितीही बारीक चाळून तो परत मिळत नाही. म्हणून सर्वांत भक्कम थर आधी सोडवायचा, म्हणजे शेवटच्या ओळीचा कर्णघटक मोठा पाहिजे. क्यूआर करताना प्रत्येक पायरीला उरलेल्यांतला सर्वांत लहान कॉलम आधी उचला. मोठे आपोआप मागे राहतात. यात खर्च फारसा नाही आणि के निम्मा करता येण्याइतका फायदा होऊ शकतो.

सापळा: क्रम बदलला की उत्तर शेवटी मूळ क्रमात परत लावावं लागतं. सिम्युलेशनमध्ये निम्मे बिट चुकत असतील आणि अंतरं मात्र बरोबर येत असतील, तर पहिला संशय यावर घ्या.

पुढे क्यूआर हार्डवेअरमध्ये कराल तेव्हा गिव्हन्स रोटेशन (दोन ओळी फिरवून एक घटक शून्य करणं) आणि कॉर्डिक (सरकवणं आणि बेरजांवरच फिरवणारी पद्धत) वापरा. १२ ते १४ बिट अचूकतेला १४-१६ फेऱ्या लागतात. कॉर्डिक प्रत्येक रोटेशनला लांबी १.६४६८ पटीने वाढवतो, ०.६०७३ ने गुणून ती परत आणावी लागते. ‘शेवटी एकदाच गुणू’ असं म्हणाल तर फसाल: प्रत्येक ओळीवर रोटेशनची संख्या वेगळी असते, त्यामुळे ओळी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि अंतराला अर्थच उरत नाही.

वेळेचं गणितही इथे कडक आहे. चार स्ट्रीमसाठी फ्रेमच्या प्रस्तावनेत (प्रीअँबलमध्ये) चॅनेल मोजायचे ४ सिंबॉल येतात आणि शेवटचा संपला की लगेच डेटा सुरू. ५२ क्यूआर एका सिंबॉलच्या वेळेत करायचे तर १५० मेगाहर्ट्झला ६०० क्लॉक, म्हणजे एकाला साडेअकरा. नाहीतर डेटा बफरमध्ये थांबवायचा आणि १६ मायक्रोसेकंदांच्या हिशेबातून तेवढे वजा करायचे.

५. बिट ठरवा

सुरुवातीला हे आकडे धरा, मग एकेक बिट कमी करत जा:

- आर (१/√४२ मुरवलेलं): १ चिन्हाचा, १ पूर्णांकाचा, १२ अपूर्णांकाचे. एकूण १४.
- क्यू ने गुणून फिरवलेला वाय: १ + ३ + १२ = १६.
- अंतर: चिन्हाशिवाय, ४ + १२ = १६.

एकेक बिट कमी करताना फ्लोटिंग पॉइंटच्या वक्रापासून ०.१ डेसिबलपेक्षा जास्त सरकलं की थांबा. कमी एसएनआरवर सगळं छान दिसतं, म्हणून ही तपासणी वक्राच्या खालच्या, उताराच्या भागात करा.

सर्वांत महाग पडणारी चूक ओव्हरफ्लोची. अंतराचा रजिस्टर भरून परत शून्याकडे वळला, तर सर्वांत वाईट मार्ग एका क्षणात सर्वांत चांगला ठरतो आणि यादीत पहिला येतो. प्रत्येक अंतराच्या बेरजेला सॅच्युरेशन लावा: भरलं की सगळे १. दुसरं, गोल करण्याची पद्धत ऑक्टेव्हमध्ये आणि व्हेरिलॉगमध्ये एकच ठेवा. व्हेरिलॉगमध्ये उजवीकडे सरकवलं की खाली कापलं जातं, ऑक्टेव्हचं राउंड जवळच्या पूर्णांकाला जातं. इथून पुढे दोन्हींची उत्तरं शेवटच्या बिटापर्यंत जुळली पाहिजेत. ‘जवळपास जुळतात’ असं चालत नाही.

६. एका थराचं हार्डवेअर

मुख्य काम इथेच आहे. आठ थर सारखेच असतात. एक नीट बसला की बाकीचे त्याच्यावर बेतायचे.

*आधी ठरलेल्या बिंदूंचा परिणाम वजा करणं.* आर चा घटक गुणिले बिंदू. बिंदू ±१, ±३, ±५, ±७ च असल्याने गुणाकार लागतच नाही: ३ पट म्हणजे दुप्पट अधिक एक, ५ पट म्हणजे चौपट अधिक एक, ७ पट म्हणजे आठपट उणे एक. सरकवणं फुकट, एक बेरीज पुरते. तिसऱ्या पायरीत बिंदू पूर्णांक ठेवायला सांगितले ते यासाठी. इथे एकही डीएसपी खर्च करू नका. सिंथेसिसने (कोडचं सर्किट करणाऱ्या टूलने) आपणहून घातला तर गुणाकाराचं चिन्ह काढून केस स्टेटमेंट लिहा.

*पहिलं अपत्य शोधणं.* उरलेल्या संख्येला कर्णघटकाने भागून जवळचा विषम पूर्णांक घ्यायचा, असं पुस्तक सांगतं. भागाकार करू नका. कर्णघटकाची ०, ±२, ±४, ±६ पट करून सात तुलना करा. संख्या कोणत्या दोन उंबरठ्यांमध्ये आहे ते थेट कळतं. ±७ च्या बाहेर जायचा प्रश्नच उरत नाही.

*पुढची भावंडं.* पहिल्या बिंदूपासून कोणत्या बाजूला झुकलंय ते चिन्ह बघा आणि नागमोडी चाला: एक त्या बाजूला, एक उलट, परत पुढे. कडेला पोहोचलात की उरलेली सगळी दुसऱ्याच बाजूची. कडेचा हा भाग जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या कोडमध्ये चुकतो. त्याची वेगळी टेस्ट लिहा: ८ सुरुवाती × २ दिशा, १६ क्रम हाताने लिहून जुळवा.

*निवड.* दहा पालकांची आठ-आठ अपत्यं काढून ८० जणांची क्रमवारी लावणं ही उधळपट्टी आहे. प्रत्येक पालकाचं फक्त पहिलं अपत्य काढा. दहांतलं सर्वांत लहान उचला, त्याच्या जागी त्याचंच पुढचं भावंड आणा. परत उचला. दहा वेळा केलं की दहा विजेते हातात, आणि तपासलेली अपत्यं फक्त १० + ९ = १९. भावंडं अंतराच्या चढत्या क्रमानेच येत असल्याने निकाल ८० जणांच्या क्रमवारीइतकाच अचूक असतो. पूर्ण झाडाचा हिशेब: पहिल्या थरावर ८, दुसऱ्यावर १७, पुढच्या सहांवर ११४; एकूण १३९. आठही फांद्या फोडल्या असत्या तर ५५२.

एका क्लॉकला एक विजेता, म्हणजे थराला १० क्लॉक. पहिल्या पायरीतला आकडा नेमका जुळला. दुहेरी बफर ठेवा: एक संच भरत असताना दुसऱ्यातून निवड चालू. मग थरामागे वीस-बावीस क्लॉकचा उशीर होतो, आठ थरांना १७५ च्या आसपास, १५० मेगाहर्ट्झला १.२ मायक्रोसेकंद. बसतं.

आता खरी अडचण. दहांतलं लहान शोधायचं तर तुलनांची चार मजली शिडी, मग भावंडाचं अंतर, मग परत आत. हे सगळं ६.६७ नॅनोसेकंदांत आर्टिक्स-७ च्या साध्या स्पीड ग्रेडवर बसवणं अवघड. आणि हा फेरा असल्याने मध्ये नुसता रजिस्टर टाकता येत नाही. दोन उपाय एकत्र करा.

पहिला, यादी कायम क्रमात ठेवा. दहा रजिस्टरांची रांग, सर्वांत लहान पहिल्या जागी. नवीन येणाऱ्याची दहाही जणांशी एकाच वेळी तुलना होते, मोठे एक घर मागे सरकतात. चार मजल्यांची शिडी एका मजल्यावर येते.

दुसरा, दोन किंवा तीन शेजारच्या सबकॅरिअरचे व्हेक्टर एकाआड एक चालवा. भावंडाचं अंतर काढायला डीएसपीला दोन-तीन क्लॉक लागतात, आणि नुकतंच आत गेलेलं भावंड पुढच्याच क्लॉकला विजेता ठरलं तर त्याचं पुढचं भावंड तयार नसतं. तीन व्हेक्टर आळीपाळीने चालवले की प्रत्येकाला तीन क्लॉकची उसंत मिळते. रजिस्टर तिप्पट लागतात, उशीर तिप्पट होतो (३.६ मायक्रोसेकंद, म्हणजे वरची मर्यादा ओलांडते), वेग तोच राहतो. दोनांत भागत असेल तर दोनच ठेवा.

आणखी एक: पहिल्या थरावर उमेदवार ८ च आहेत, जागा १०. उरलेल्या दोन जागांत अंतराचे सगळे बिट १ भरा. शून्य राहिले तर ते रिकामे मार्गच दरवेळी जिंकतील.

*डीएसपीचा हिशेब.* क्यू ने वाय फिरवायला १६ कॉम्प्लेक्स, म्हणजे ६४ साधे गुणाकार. १० क्लॉकमध्ये वाटले तर ७ डीएसपी. नियंत्रण सोपं ठेवायला ८ घ्या. वर्गासाठी थरामागे २, आठ थरांना १६. एकूण २४, चिपवर ९०. आधी संपतील ते एलयूटी.

७. सॉफ्ट उत्तरं

पुढचा डीकोडर नुसते ०-१ मागत नाही, प्रत्येक बिटाची खात्री मागतो. तो बिट ० असलेल्या मार्गांतलं किमान अंतर उणे १ असलेल्यांतलं किमान अंतर, भागिले नॉईजची शक्ती. यादीत दहाच मार्ग असल्याने कधीकधी दहाही जणांत तो बिट सारखाच निघतो आणि विरुद्ध बाजूला कोणी नसतंच. तिथे ठरावीक कमाल मूल्य द्या. हे मूल्य फार मोठं ठेवलंत तर चुकीचा बिट छाती ठोकून सांगितला जातो आणि डीकोडर त्याला सुधारू शकत नाही. सिम्युलेशन करूनच ठरवा. बाहेर ५-६ बिट पुरतात.

चिन्हाचा करार लिहून ठेवा. ८०२.११ मध्ये बीपीएसकेचा (दोनच बिंदू, ±१) बिट ० हा −१ ला जातो, एलटीईत (४जी मोबाइलचं मानक) धन बाजूला. ६४-क्वामची ग्रे मांडणीही (शेजारच्या बिंदूंत एकच बिट बदलणारी) दोन्हींत वेगळी. ८०२.११ मध्ये −७ पासून +७ पर्यंत क्रम असा: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. एकीकडचा नमुना आणि दुसरीकडचा डीकोडर जोडलात तर एरर रेट ५० टक्क्यांच्या आसपास अडकतो.

८. बोर्डवर

यूएआरटीवरून (बोर्ड आणि लॅपटॉपमधली सीरियल लाइन) व्हेक्टर पाठवून वेग मोजू नका. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० बाइट. १६ बाइटचा एक व्हेक्टर धरला तर ७२०. तुमचा डिटेक्टर दीड कोटी करतो. ४,०९६ व्हेक्टर आधीच ब्लॉक रॅममध्ये भरा (१५-१६ ब्लॉक जातात), पूर्ण वेगाने चालवा, क्लॉक मोजायला एक काउंटर ठेवा आणि फक्त निकाल यूएआरटीने बाहेर काढा. आर्टीवरचं क्लॉक १०० मेगाहर्ट्झचं आहे. एमएमसीएममधून (चिपमधला क्लॉक बदलणारा ब्लॉक) १५० करून घ्या.

कोअर एकट्याने सिंथेसाइझ करताना पिना पुरत नाहीत, तेव्हा आउट-ऑफ-कॉन्टेक्स्ट पर्याय वापरा. आणि अहवालात एलयूटी १२ दिसले तर पेढे वाटू नका: आउटपुट कुठे जोडलेलं नाही म्हणून टूलने अख्खं डिझाईन कापून टाकलंय.

रिपोर्टमध्ये वेग लिहिताना राउटिंगनंतरचा आकडा द्या. सिंथेसिसनंतरचा अंदाज तारांची खरी लांबी धरत नाही, आणि या डिझाईनमध्ये दहा रजिस्टरांच्या रांगेतल्या ताराच जास्त खातात. सोबत एलयूटी, फ्लिप-फ्लॉप, डीएसपी, ब्लॉक रॅम, के ची किंमत, कॉलमचा क्रम लावला की नाही, आणि क्यूआर आत आहे की बाहेर, हे सगळं एकाच तक्त्यात. शेवटच्या दोन गोष्टी न लिहिता दिलेल्या ‘आमचा डिटेक्टर अमक्यापेक्षा लहान’ या वाक्याला परीक्षक पहिला प्रश्न तिथूनच सुरू करतात.